धक्का : युद्धानंतरच्या छोट्या फिल्म्स आणि माझ्या आजीचा कापूस

सुरुवातीलाच एक कबुली देते. माझं शिक्षण पहिलीपासून बारावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी विषय होता, पण आठवड्याला चार तास आणि परीक्षेपुरता. त्यामुळे या लेखात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दिसल्या तर त्या माझ्या, आणि दिसल्या नाहीत तर संपादक मंडळाची कृपा, असं समजून वाचावं. हा लेख इंग्रजी विभागात देता आला असता. पण यात माझी आजी आहे, आणि आजीला इंग्रजीत नेलं की ती 'ग्रँडमदर' होते. ते काही मला जमेना.

तर झालं असं. गेल्या सेमिस्टरला आम्ही लेडीज हॉस्टेलच्या आठ जणींनी शनिवारी रात्री कॉमन रूममध्ये फिल्म बघायला सुरुवात केली. प्रोजेक्टर वगैरे काही नाही, एक लॅपटॉप आणि एक खरखरणारा स्पीकर. अट एकच, फिल्म अर्ध्या तासाच्या वर नको, कारण अकराला रेक्टर मॅडमची फेरी असते. आता अर्ध्या तासात मावणारं शोधायला गेलं की आपोआप माणूस शॉर्ट फिल्म्सकडे वळतो, आणि तिथून पुढे 'एक्सपेरिमेंटल' नावाच्या गल्लीत शिरतो. आम्ही अशाच शिरलो.

पहिल्या शनिवारी लावली 'ला जेते'. क्रिस मार्कर या फ्रेंच दिग्दर्शकाची, १९६२ ची, २८ मिनिटांची. गंमत अशी की ही फिल्म हलतच नाही! एकामागून एक काळीपांढरी स्थिरचित्रं, आणि मागे एका माणसाचा आवाज. पाच-सात मिनिटं झाली असतील, तेवढ्यात वॉचमन काका दारात डोकावले आणि म्हणाले, "पोरींनो, हँग झालाय का तो?" आम्ही हसून लोटपोट. पण काकांचा प्रश्न बरोबर होता. ही फिल्म का हलत नाही?

गोष्ट थोडक्यात सांगते. तिसरं महायुद्ध होऊन गेलंय, पॅरिस बेचिराख झालंय, उरलेली माणसं जमिनीखाली राहतात. तिथले शास्त्रज्ञ एका कैद्याला भूतकाळात पाठवायचं ठरवतात. त्यालाच का? तर त्याच्या मनात लहानपणचं एक चित्र घट्ट रुतून बसलंय. विमानतळाची गच्ची, एका बाईचा चेहरा, आणि कोसळणारा एक माणूस. अख्खं जग जळून गेलं तरी ते चित्र काही पुसलं गेलं नाही. आणि आपलीही आठवण सलग सिनेमासारखी कुठे असते? दोन-चार फोटो असतात, मधलं आपणच भरून काढतो. मार्करने तेच केलं. संपूर्ण फिल्ममध्ये फक्त एकदा, काही सेकंदांसाठी, चित्र हलतं. झोपलेली ती बाई डोळे उघडते. आमच्यातली एक जण तेव्हा अक्षरशः किंचाळली.

'जेते' म्हणजे जेट्टी, धक्का. फिल्ममध्ये तो विमानतळावरचा, लोकांनी उभं राहून विमानं बघायचा. पण आपण रायगडवाले. आपल्याला धक्का म्हटलं की रेवसचा धक्का, मांडव्याची जेट्टी, नाहीतर समोरचा भाऊचा धक्का आठवणार. शिवाय मराठीत धक्का दुसराही असतो, जो बसतो. एका शब्दात दोन्ही. हे फ्रेंचमध्ये जमतं की नाही कोण जाणे, आपल्याकडे मात्र फुकटात जमलंय.

आता 'एक्सपेरिमेंटल' या शब्दाबद्दल. आपल्याकडे समज असा की एक्सपेरिमेंटल म्हणजे जे कळत नाही ते. पण आपण इंजिनिअर होणार आहोत ना? लॅबमध्ये एक्सपेरिमेंट म्हणजे काय करतो? बाकी सगळं तसंच ठेवून एकच गोष्ट बदलतो आणि रीडिंग घेतो. या फिल्म्सचंही तेच आहे. मार्करने हालचाल काढून घेतली आणि काय उरतं ते बघितलं. फिल्म 'कळली नाही' असं वाटलं की स्वतःला एवढंच विचारा, याने नेमकं काय बदललंय? किंवा काय काढून टाकलंय? मला तरी या एका प्रश्नाचा फार उपयोग झाला.

आणि अशा प्रयोगांना युद्धानंतरचाच विषय का सापडतो? याला मी स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सचं उत्तर देते (सर, रागावू नका). लोखंडाच्या पट्टीवर लोड टाकला, ती यील्ड पॉइंटच्या पुढे वाकली, मग लोड काढला. बाहेरून बघाल तर आता तिच्यावर कसलाच भार नाही. पण आत रेसिड्युअल स्ट्रेस राहतो. तो डोळ्यांना दिसत नाही, मोजायला वेगळी पद्धत लागते. युद्ध दाखवणारे सिनेमे लोड दाखवतात, विमानं, तोफा, रक्त. या छोट्या फिल्म्स लोड काढल्यानंतरची पट्टी हातात घेऊन बसतात.

आलाँ रेनेची 'नाइट अँड फॉग' घ्या. १९५५ ची, ३२ मिनिटांची (दोन मिनिटांची सूट दिली!). विषय नाझींच्या छळछावण्यांचा. युद्ध संपून दहा वर्षं झाली होती. रेने आउशवित्झला जाऊन कॅमेरा हळूहळू फिरवतो, रंगीत. दिसतं काय? गवत, वीटकाम, निळं आकाश, गंजलेल्या तारा. एखाद्या बंद पडलेल्या कारखान्याचं आवार असावं तसं. मधेच जुनी काळीपांढरी चित्रं येतात, ती बघवत नाहीत. मग पुन्हा शांत गवत. निवेदन लिहिलं होतं जाँ केरोल यांनी, जे स्वतः अशा छावणीतून जिवंत परतले होते. या फिल्मला फ्रान्सच्या सेन्सॉरने अडवलं ते कशावरून, माहितेय? एका फोटोत छावणीवर पहारा देणारा फ्रेंच शिपाई दिसत होता, त्याच्या डोक्यावरच्या टोपीवरून! आपलाही माणूस त्यात होता हे त्या टोपीवरून कळत होतं. शेवटी फोटोतली टोपी झाकली, तेव्हा फिल्म सुटली.

ही टोपी लक्षात ठेवा. आता मी तुम्हाला समुद्रापलीकडे नेणार आहे, फार लांब नाही, मांडव्याहून रो-रोने जेमतेम तासाभरावर.

१४ एप्रिल १९४४, शुक्रवार. मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' नावाची बोट उभी होती. इंग्लंडहून निघालेली, कराचीला थांबून आलेली. पोटात साधारण १,४०० टन स्फोटकं आणि दारूगोळा, कराचीत चढवलेल्या कापसाच्या हजारो गासड्या, तेलाची पिंपं, आणि ३१ पेट्या सोनं. कापूस आणि दारूगोळा एकाच बोटीत. आपल्या वर्कशॉपमध्ये कोणी असं स्टोअरिंग केलं तर सर टर्म ग्रँट करणार नाहीत. दुपारी आग लागली, विझेना, आणि ४ वाजून ६ मिनिटांनी बोट फुटली. सुमारे अर्ध्या तासाने दुसरा स्फोट, पहिल्याहून मोठा. सिमल्याच्या भूकंपमापकावर त्याची नोंद झाली. जळता कापूस शहरभर पाऊस पडावा तसा पडला आणि वस्त्याच्या वस्त्या पेटल्या. सोन्याची एक वीट मैलभर लांबच्या एका पारशी गृहस्थांच्या घरात छप्पर फोडून येऊन पडली, त्यांनी ती प्रामाणिकपणे परत केली. मेलेल्यांचे आकडे आठशेपासून तेराशेपर्यंत वेगवेगळे दिले जातात. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. जवळपास ८०,००० लोक बेघर झाले. अर्धा कोटी नव्हे, पण पाच लाख टन ढिगारा उपसायला हजारो माणसं सात महिने खपत होती.

यात शत्रूचं विमान नाही, तोफ नाही. पण ती बोट युद्धासाठीच आली होती. मग ही माणसं युद्धात मेली की अपघातात? मी खूप विचार केला, मला ठरवता आलेलं नाही.

आता टोपी. सुधीश घटक नावाच्या कॅमेरामनने या स्फोटाचं आणि नंतरच्या विध्वंसाचं चित्रण केलं होतं. ते लष्करी अधिकाऱ्यांनी जप्त केलं. पुढे त्यातले काही तुकडे न्यूजरीलमध्ये दाखवले गेले, एवढंच. बातमीवरही बंदी होती. मे महिन्याचा दुसरा आठवडा उजाडेपर्यंत वर्तमानपत्रांना छापता आलं नाही, आणि जपान्यांच्या ताब्यातल्या रेडिओ सायगॉनने मात्र दुसऱ्याच दिवशी तपशीलवार सांगून टाकलं होतं! म्हणजे मुंबईत काय झालं ते सायगॉन सांगतंय आणि मुंबईचा पेपर गप्प. सुधीश हे ऋत्विक घटक यांचे मोठे भाऊ. 'मेघे ढाका तारा' वाले ऋत्विक घटक, जे काही काळ पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायलाही होते. फाळणीने माणसांत काय शिल्लक ठेवलं यावर ऋत्विकदांनी सिनेमे केले. एका भावाची रिळं सरकारने उचलून नेली, आणि दुसरा आयुष्यभर जे हरवलं त्याचेच सिनेमे करत राहिला. याचा त्याच्याशी संबंध लावणं हा माझा आगाऊपणा, पण मनात येतं खरं.

बरं, या सगळ्यातून आपल्यापर्यंत काय आलं? अग्निशमन सेवा सप्ताह. १४ ते २० एप्रिल. आपल्या हॉस्टेलवर त्या आठवड्यात मॉक ड्रिल होतं ना, वाळूच्या लाल बादल्या, शिट्टी, आणि आपण सगळ्या झोपाळलेल्या चेहऱ्यांनी मैदानात? ते त्या ६६ जणांमुळे आहे. १४ तारखेला आंबेडकर जयंतीची सुट्टी असते, म्हणून आपलं ड्रिल दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी होतं, आणि तारीखही विसरली जाते. मी तीन वर्षं ते ड्रिल केलं आणि मला हे ठाऊक नव्हतं. लाज वाटायचं कारण असं, की माझे पणजोबा त्या दिवशी गोदीत होते.

आजीचे वडील. रेवसजवळचं आमचं गाव, तिथले बरेच बापये तेव्हा मुंबईला गोदीत हमालीला जायचे. त्या दुपारी ते व्हिक्टोरियात नव्हते, अलेक्झांड्रा डॉकला होते (आता त्याला इंदिरा डॉक म्हणतात), म्हणून वाचले. चौथ्या दिवशी मचव्याने घरी आले. एका कानाने ऐकू येत नव्हतं. पुन्हा कामावर गेले, म्हातारे होईपर्यंत गेले. पण शिमग्याला गावची होळी पेटायच्या वेळी ते घरातून उठून खाडीकडे जाऊन बसायचे. दरवर्षी. कोणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. मी वर रेसिड्युअल स्ट्रेस म्हटलं ते हेच डोक्यात ठेवून.

आजी तेव्हा सहा वर्षांची होती. दिवाळीच्या सुट्टीत मी तिच्याजवळ वाल सोलायला बसले होते आणि सहज विषय निघाला. ती म्हणाली, "कापूस पडत व्हता गो, जलता कापूस. आमच्या अंगनात. आयनं पान्याचा हंडा वतला." मी तोपर्यंत या स्फोटाबद्दल बरंच वाचलं होतं. हुशारी अंगात आलेली. मी मोबाईल काढला, नकाशा दाखवला आणि म्हटलं, "आजी, व्हिक्टोरिया डॉक ते आपलं घर सरळ रेषेत पंधरा-सतरा किलोमीटर. एवढ्या लांब कापूस कसा येईल? ते तुझ्या बाबांनी मुंबईत बघितलं असणार, तू ऐकलंस आणि तुला वाटतंय तू पाहिलंस." आजीने नकाशाकडे बघितलं. मग म्हणाली, "शिकलेली हायेस. तुला म्हाईत."

यानंतर मी तिचं तीन वेळा रेकॉर्डिंग केलं. चांगला माईक मागून आणला, पंखा बंद केला. तिन्ही वेळा आजी म्हणाली, "चार वाजून सहा मिन्टांनी बोट फुटली. फोर टिकीन बोट." आजीला घड्याळ बघता येत नाही. कापूस एकाही रेकॉर्डिंगमध्ये नाही. अंगण नाही, हंडा नाही. मी खोदून विचारलं तर म्हणाली, "त्ये माज्या बापसानं पाह्यलेलं." माझंच वाक्य मला परत मिळालं.

मी काय केलं ते मला नीट कळलं ते जानेवारीत, रो-रोवर. भाऊच्या धक्क्याकडे जाताना शूट करत होते. शूट करण्यासारखं तिथे काही उरलेलं नाही, व्हिक्टोरिया डॉक भराव घालून केव्हाच बुजवलाय. म्हणून पाणीच शूट करत होते. शेजारी उभ्या एका खलाशाला मी कापसाचं सांगितलं, विनोद म्हणून. तो हसला नाही. म्हणाला, एप्रिलात दुपारचा वारा वायव्येचा असतो, मुंबईकडून आपल्याच बाजूला. कापूस नाही तर राख, जळका कागद, काहीतरी येऊ शकतं. मी घरी येऊन नकाशा पुन्हा काढला. डॉककडून रेवस बरोबर आग्नेयेला. मी अंतर मोजलं होतं, वाऱ्याची दिशा बघितली नव्हती. फ्लुइड मेकॅनिक्समध्ये मला ७१ मार्क आहेत.

येतो की नाही येत, हे मला आजही माहीत नाही. पण ते वाक्य आजीने एकदाच म्हटलं होतं, आणि तेव्हा रेकॉर्डिंग चालू नव्हतं.

माझी पहिली फिल्म याच्याही आधीची. ती कॉमन रूममध्ये दाखवली तेव्हा काय काय नव्हतं तिच्यात! इंटरनेटवरून उतरवलेली महायुद्धाची दृश्यं, बॉम्ब टाकणारी विमानं, वर व्हायोलिन. माझी कोल्हापूरची रूममेट शांतपणे म्हणाली, "व्हय, पण इमान कुठनं आलं? बोट फुटली न्हवं?" मी ती फिल्म त्याच रात्री डिलीट केली. सुधीश घटकांचं चित्रण नाही मिळालं म्हणून मी दुसऱ्याच कुठल्यातरी युद्धाचं चिकटवलं होतं. रेने हे करत नाही. जिथे चित्र नाही तिथे तो गवत दाखवतो, आणि गवतच आहे हे सांगतो.

त्यानंतर आम्ही ठरवून आपल्याकडच्या फिल्म्स शोधल्या. अमर कंवर यांची 'अ सीझन आउटसाइड', १९९७ ची, अर्ध्या तासाची. वाघा सीमा. दोन देशांचे हमाल पांढऱ्या रेषेपर्यंत येतात आणि डोक्यावरची पोती रेषेपलीकडच्या डोक्यावर देतात. पायांकडे बघा, एकही पाय रेषा ओलांडत नाही. घरातल्या फाळणीच्या आठवणी दिग्दर्शक स्वतःच्या आवाजात सांगतो, आणि खात्रीने काही सांगत नाही, विचारत राहतो. मला ही सगळ्यात जवळची वाटली, कदाचित हमालांमुळे. दुसरी खरं तर फिल्म नव्हे, मांडणी आहे. नलिनी मालानी, कराचीत जन्मलेल्या आणि फाळणीत इकडे आलेल्या मुंबईच्या चित्रकार. १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर त्यांनी मंटोच्या टोबा टेक सिंगवरून व्हिडिओ केले आणि काही पडदे चक्क पत्र्याच्या ट्रंकांमध्ये ठेवले. घर सोडताना माणूस जी ट्रंक उचलतो ती. आम्ही त्याचे फोटोच बघितले, पण हॉस्टेलवर प्रत्येकीच्या पलंगाखाली तशी एक आहे, त्यामुळे समजावून सांगावं लागलं नाही.

तुम्हाला स्वतः काही करून बघायचं असेल तर माझ्या चुकांतून निघालेलं थोडंसं सांगते. ज्याची आठवण आहे त्याला आधी पूर्ण बोलू द्या, नकाशा नंतर. मोबाईल पहिल्या दिवसापासून चालू ठेवा, पण विचारून. कुकरची शिट्टी, कोंबडा, शेजारचा टीव्ही याला नॉइज म्हणून पुसू नका, माणूस त्यातच बोलत असतो. एकाच गोष्टीच्या दोन तऱ्हा मिळाल्या तर खरी कोणती हे ठरवायची घाई करू नका, दोन्ही ठेवा. आणि व्हायोलिन नको. प्लीज.

माझी फिल्म सध्या सहा मिनिटांची आहे. सुरुवातीला रो-रोचं इंजिन आणि पाणी. मग आजीचे हात वाल सोलताना, आणि तिची तिन्ही रेकॉर्डिंग्ज एकामागून एक, चार वाजून सहा मिनिटं, चार वाजून सहा मिनिटं. शिमग्याला मी होळीचं शूटिंग होळीकडे पाठ करून केलं, खाडीच्या बाजूने, माणसांचे चेहरे उजळतात आणि विझतात एवढंच दिसतं. मधे चाळीस सेकंद पडदा काळा आहे. तिथे सुधीश घटकांची रिळं असायला हवी होती, आणि तिथेच आजीचं ते वाक्य. त्या काळ्या पडद्यावर मी माझ्या आवाजात सांगते की आजीने एकदा असं म्हटलं होतं, आणि मी तिला काय म्हटलं. माझं मराठी तिथे अडखळतं. दोनदा पुन्हा रेकॉर्ड केलं, मग पहिलंच ठेवलं.

आजीला दाखवली. तिने मोबाईल कानाशी धरला, बघितली कमी, ऐकली जास्त. काळा पडदा आला तेव्हा तिला वाटलं बंद पडली, ती परत द्यायला लागली. मी म्हटलं, आजी, थांब, चालू आहे. माझा आवाज ऐकून झाल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "हंडा तांब्याचा व्हता."

ते मात्र मी रेकॉर्ड केलंय.